सेनापतीची ताई

बस आगारात तिला सगळे ड्यूटीवाल्या ताई म्हणत. कोणत्या चालकाने कोणती गाडी घेऊन कुठे जायचं, कोणाला सुट्टी द्यायची आणि कोणाला सुट्टीच्या दिवशी घरून बोलावून त्याच्या शिव्या खायच्या, हे तिच्या टेबलावर ठरायचं. काम असं की नीट झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि चुकलं तर सगळं आगार डोक्यावर घेतं. इतक्या वर्षांत आवाज चढवायची तिला सवयच राहिली नव्हती. कोणी तावातावाने आत आला की ती त्याचं बोलणं संपू द्यायची आणि मग म्हणायची, "बरं. बसा. तुमच्याऐवजी कोण जाईल ते तुम्हीच सांगा." माणूस बसायचा, भिंतीवरच्या तक्त्याकडे थोडा वेळ बघायचा आणि निमूटपणे उठून गाडी काढायला जायचा.

घर दोन खोल्यांचं. त्यात आई, ती आणि तिच्याहून बराच लहान असलेला भाऊ. वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. तिने कॉलेज अर्ध्यावर सोडलं, आगारात चिकटली आणि भावाला शिकवलं. याबद्दल घरात कोणी कधी काही बोललं नाही, तिनेही नाही. भाऊ शिकला, मोबाईलच्या दुकानात लागला, मालकाशी त्याचं वाजलं आणि नोकरी सोडून घरी बसला. आई शेजारपाजारी सांगायची की तो दुसरं काहीतरी बघतोय. तो बघत होता हे खरं होतं. सकाळी उठल्यापासून तो संगणकाच्या पडद्याकडेच बघत होता.

खेळ साम्राज्य उभं करण्याचा होता. सुरुवातीला एक गाव आणि मूठभर माणसं. तिथून शेतं, रस्ते, बंदरं, फौज, शेजाऱ्यांशी तह आणि भांडणं, आणि सगळं जुळून आलं तर शेवटी अख्खा नकाशा आपल्या रंगाचा. खालच्या पायऱ्यांवर कोणीही जिंकावं असा. पण सगळ्यात वरच्या पायरीवर, जिला खेळणारे 'सम्राट' म्हणत, संगणकाने चालवलेले शेजारी दुप्पट गावं आणि तिप्पट फौज घेऊनच उतरायचे. तिथे भल्याभल्यांची डाळ शिजत नव्हती. भाऊ रोज त्या पायरीवर बसायचा आणि रोज त्याचं राज्य धुळीला मिळायचं.

ती पहिल्या पाळीची. दुपारी घरी आली की चहाचा कप घेऊन त्याच्या मागच्या पलंगावर टेकायची. बसायला दुसरी जागाच नव्हती. आधी नुसतीच बघायची. मग कधीतरी तिला कळायला लागलं की हा हरतो ते प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेने. गाव जरा बाळसं धरायला लागलं की हा तटबंदी बांधायचा, तटबंदी झाली की शेजारी चालून यायचे.

"तू तट बांधतोस म्हणून येतात ते," एकदा ती म्हणाली.

"तट नाही बांधला तर आधी येतील."

"नाही येणार. आत घेण्यासारखं काही नसेल तर कशाला येतील?"

त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. पण ती सांगत राहिली, कारण हे तिने आगारात रोज पाहिलं होतं. जो चालक चुणचुणीत दिसतो त्याच्याच गळ्यात सगळ्या जादा फेऱ्या पडतात. जो कायम कंबर धरून बसतो त्याला कोणी विचारत नाही, आणि तोच महिन्याकाठी सगळ्यांत ताजातवाना असतो. किनाऱ्यावरचं पहिलं गाव मुद्दाम भिकारडं ठेव, ती म्हणाली. धान्याचं कोठार आत, डोंगरापलीकडे घाल. पहिली धमकी आली की जो सगळ्यांत दांडगा आहे त्याला लगेच खंडणी दे, घासाघीस करू नकोस. एकदा खंडणी घेतली की तो तुला आपलं समजेल आणि दुसऱ्याला तुझ्या वाटेला जाऊ देणार नाही. मग दोघा दांडग्यांचं तुझ्यावरूनच जुंपेल. तू दोघांनाही लोखंड विक आणि तेवढ्या वेळात नुसते रस्ते बांध. ते दमले की एकदम फौज उभी कर, सरहद्दीवरची गावं घे, राजधानीला हात लावू नकोस, कारण राजधानी घेतलीस की सगळी प्रजा उठते. आणि त्याच दमात तहाला बस.

"म्हणजे मेल्याचं सोंग घ्यायचं," भाऊ म्हणाला आणि हसला.

"हो. मेल्याचं सोंग."

त्याने ते बरेच दिवस करून पाहिलं नाही. मग एकदा सलग हरून हरून इतका वैतागला की पटून नव्हे, चिडून करून पाहिलं. ती आगारातून आली तेव्हा तो आईला दोन्ही हातांनी धरून खोलीत गरगर फिरवत होता आणि आई ओरडत होती की अरे सोड, गुडघा दुखतो. पडद्यावर सगळा नकाशा निळा झाला होता. त्या दिवशी तिला इतकं बरं वाटलं की ती चप्पल काढायचीही विसरली.

पुढे ते दोघं मिळून खेळायला लागले. म्हणजे माउस त्याच्या हातात आणि डोकं तिचं. नकाशा वाळवंटाचा असेल तर काय, बेटांचा असेल तर काय, खंडणी घेणारा मध्येच उलटला तर काय, हे सगळं ती पलंगावर बसून त्याला उलगडून सांगायची. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन्ही पोरं एका खोलीत हसतायत म्हणून ती खूष असायची. ताईच्या आयुष्यातला तेवढाच काळ असा होता की दुपारी आगारातून निघताना तिची पावलं आपोआप झपझप पडायची.

मग भावाने खेळाचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. स्वतःला त्याने 'सेनापती' असं नाव दिलं. बोलायला तो पहिल्यापासून गोड, आणि आता बोलायला विषयही मिळाला होता. पहिल्या व्हिडिओत तो म्हणाला, "मी खूप विचार केला आणि माझ्या लक्षात आलं." ती पलंगावरच बसली होती. तिला हसू आलं. लोकांसमोर असंच बोलावं लागत असेल, तिला वाटलं. व्हिडिओ चालला. मग पुढचे चालले. डावाचं नाव बदलून 'सेनापती डाव' झालं, कारण मेल्याचं सोंग असं नाव कोण ऐकून घेईल, असं त्याचं म्हणणं. तेही तिने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की रेकॉर्डिंग चालू असताना मागे तू दिसतेस, चहाचा कप वाजतो. ती स्वयंपाकघरात बसायला लागली. नवा नकाशा आला की तो दारात येऊन विचारायचा, उत्तर घेऊन जायचा आणि दार लावून घ्यायचा.

बघता बघता त्याचं बस्तान बसलं. लोक त्याला ओळखायला लागले. त्याने लग्न केलं, त्याच शहरात मोठं घर घेतलं, त्यातली एक खोली खास दिवे लावून खेळासाठी केली. जाताना जुना संगणक ताईकडे सोडून गेला. म्हणाला, तुला होईल वेळ घालवायला. नवा नकाशा आला की आता फोन यायचा. बाकी वेळी यायचा नाही. आई मात्र त्याच्या आठवणीने गहिवरायची. एकट्याच्या जोरावर पोराने केवढं केलं, कोणाचा आधार नसताना, असं ती आल्यागेल्याला सांगायची. सांगायची ती ताईने आणून दिलेलं पाणी पीत, ताईच्या समोर.

एका दुपारी आगाराच्या कँटीनमध्ये एका चालकाने आपला मोबाईल तिच्यापुढे धरला. बघा ताई, तुमचा भाऊ. कोणीतरी त्याची मुलाखत घेत होतं आणि विचारत होतं की हा डाव सुचला कसा. भाऊ जरा थांबला, खाली पाहिलं आणि सांगायला लागला की तेव्हा मला ताप भरला होता, अंगात उठायची ताकद नव्हती, आणि पडल्या पडल्या वाटलं की आत्ता आपल्याकडून कोणाला काय हवं असणार, आपण तर मेल्यातच जमा. आणि तिथे मला डाव सापडला. मुलाखत घेणारी बाई भारावून गेली होती. चालकही भारावला होता.

ताप त्याला कधी आलाच नव्हता. खोटं त्याने किती निगुतीने रचलंय, बारीकसारीक तपशिलांसकट, हेच तिच्या मनातून जाईना. गप्प राहून दुसऱ्याचं श्रेय घेणं तिला समजू शकलं असतं. हे त्याने बसून, वेळ काढून, विचार करून तयार केलं होतं.

ती आगारातून परस्पर त्याच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं, बसा म्हणाली आणि आत निघून गेली. भाऊ त्या दिव्यांच्या खोलीतून बाहेर आला. तिने भांडण केलं नाही. तिने फक्त विचारलं की तापाची गोष्ट का सांगितलीस.

"लोकांना गोष्ट लागते ताई."

"खरी होती की सांगायला."

त्याने दिव्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, तू सांगितलंस, मी नाही म्हणत नाही. पण खेळलो मी. हजारो लोकांसमोर हरायची भीती मी घेतली. तू काय घेतलंस? तू पलंगावर बसून चहा पीत होतीस. तुला जमलं असतं का हे?"

ती उठली. खाली उतरताना तिच्या लक्षात आलं की त्याने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं म्हणणं तिला थोडंसं पटलं होतं. ते पटलेलंच तिला आतून कुरतडत राहिलं.

त्या वर्षी खेळाची मोठी स्पर्धा होती. ती कोणालाही खुली असायची. आधी घरून खेळायचं, जिंकत जिंकत वर जायचं आणि अंतिम फेरी सगळ्या जगाने बघायची. तिने 'शेजारीण' या नावाने भाग घेतला. आगारातून आली की जुन्या संगणकावर बसायची. आई विचारायची, तूही का त्याच्यासारखं करतेस, आता या वयात? ती म्हणायची, वेळ घालवतेय. सुरुवातीला बोटं अडखळायची, कारण इतकी वर्षं माउस तिच्या हातात आलाच नव्हता. मग सरावली. एकेक फेरी पार होत गेली. अंतिम फेरीच्या यादीत आपल्या नावाच्या वर 'सेनापती' हे नाव बघून तिला आनंद झाला नाही, धसकाही बसला नाही. तिने साहेबांकडे एका दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत तिने आपणहून मागितलेली ती पहिलीच रजा. साहेबांनी काही बरं नाही का विचारलं.

अंतिम फेरी भर दुपारी होती. भावाने सुरुवातीपासून तिचाच डाव लावला. किनाऱ्यावर भिकारडं गाव, दांडग्याला खंडणी, सगळं तिने शिकवलं होतं तस्संच. बघणारे वाहवा करत होते. ती मात्र बघत होती की त्याला डावाच्या पायऱ्या पाठ आहेत, त्या का आहेत ते कळलेलं नाही. डोंगरापलीकडे कोठार असणार आणि ते झाकायचं म्हणून तिथे फौज ठेवायची नाही, हे तिनेच सांगितलं होतं. पण ते आंधळ्या शेजाऱ्यासाठी होतं. ज्याला कोठार कुठे आहे ते माहीत आहे त्याच्यासाठी ते उघडं दार होतं. तिने सरळ डोंगर ओलांडला.

तिचा फोन थरथरायला लागला. भावाचं नाव. तिने तो उशीखाली सरकवला. थोड्या वेळाने आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिचा स्वतःचा फोन होता आणि चेहरा उतरलेला होता.

"तो विचारतोय की तूच आहेस का ती."

"हो म्हणून सांग."

आईने फोन कानाला लावला, ऐकलं, मग छातीशी धरला. "सगळे बघतायत म्हणतो. त्याचं पोट आहे गं त्याच्यावर. तुझी नोकरी आहे, तुझं काय बिघडतंय? एक पाऊल मागे घे."

"मी किती पावलं मागे घेतली ते तुला माहीत आहे का आई?"

आईला खरंच माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांत ताईला ते स्पष्ट दिसलं, आणि हात क्षणभर थांबला. मग तिने कोठार घेतलं. उपाशी राज्य किती वेळ टिकणार? चहा व्हायला लागतो तेवढ्या वेळात भावाची गावं एकामागून एक रंग बदलत गेली. अंतिम फेरीतल्या बाकीच्या खेळाडूंना आवरायला फार कष्ट पडले नाहीत.

ती जिंकली. लगेच स्पर्धेवाल्यांनी तिला आवाजाने जोडून घेतलं. निवेदक खुळावलाच होता. सेनापतीचाच डाव सेनापतीवर उलटवणारी ही शेजारीण आहे तरी कोण, असं तो म्हणत होता. मग त्याने विचारलं की तुम्ही सेनापतींचे व्हिडिओ किती वर्षं बघताय.

"तो डाव त्यांचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

निवेदक मोठ्याने हसला. जिंकलेल्या माणसाला असा तोरा शोभतो, असं म्हणाला. ती पुढे बोलणार तेवढ्यात भावाचा आवाज आला. आवाज जड होता, ओलसर होता.

"ती माझी मोठी बहीण आहे," तो म्हणाला. "आमच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगावर बसून माझा खेळ बघायची. मीच शिकवलं तिला. आज तिच्याकडून हरलो याचा मला जितका अभिमान वाटतो तितका कोणत्याही जिंकण्याचा वाटला नाही."

मग जे काही झालं त्यात तिला शब्द काढायला जागाच उरली नाही. निवेदकाने टाळ्या वाजवल्या. लोकांनी लिहायला सुरुवात केली की भाऊ असावा तर असा. ती म्हणाली, "असं नाही झालं." तिचं बोलणं कोणालाच ऐकू गेलं नाही, कारण तोवर तिचा आवाज बंद करून त्यांनी भावाचा चेहरा पडद्यावर मोठा केला होता. पलंग होता, खोली होती, बघणं होतं. त्याने सगळं खरं घेतलं आणि फक्त उलटं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आगारात चालकांनी केक आणला होता. त्यावर क्रीमने लिहिलं होतं, सेनापतीची ताई. भावाने नाव काढलं तुमचं, एक म्हणाला. तिने साहेबांना खरं काय ते सांगून पाहिलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अहो ताई, एकाच घरातली गोष्ट, तुमचं काय आणि त्याचं काय. ती मग कोणाला काही सांगायच्या फंदात पडली नाही. केकचा तुकडा तिने खाल्ला. तो नाकारला असता तर तेवढाच एक विषय झाला असता. आई मात्र कधी नव्हे ती सुखात होती. तिच्या हिशेबी दोन्ही पोरं जिंकली होती.

ते सुख फार टिकलं नाही. त्या अंतिम फेरीनंतर खेळ बनवणाऱ्यांनी खेळच बदलला. खंडणी देऊन निवांत बसणाऱ्याला आता शेजारी आधी गिळायचे, आतलं कोठार लपायचं नाही. सेनापती डाव संपला. भाऊ 'सम्राट' पायरीवर पुन्हा पहिल्यासारखा हरायला लागला, आणि आता सगळ्यांसमक्ष. बघणारे काही दिवस थांबले, मग थट्टा करायला लागले, मग निघून गेले. दिव्यांची खोली असलेलं घर त्याने सोडलं. लहान घरात गेला आणि कोणाच्या तरी मोबाईलच्या दुकानात पुन्हा कामाला लागला.

मधल्या काळात तो एकदा ताईकडे आला होता. पलंगावर बसला, जिथे ती बसायची तिथेच. इकडचं तिकडचं बोलला, आईच्या गुडघ्याचं विचारलं आणि मग म्हणाला की नव्या खेळात काय करावं ते सुचत नाहीये. तू काही बघितलंस का?

"मी आता खेळत नाही," ती म्हणाली.

ते खोटं होतं. ती रोज खेळत होती. खेळ बदलल्यावर काही दिवसांतच तिला वाट दिसली होती. आता मेल्याचं सोंग चालत नव्हतं, तर आजाऱ्याची सेवा करणारा व्हायचं. सगळ्यांत दुबळ्या शेजाऱ्याला धान्य पुरवून जगवायचं, म्हणजे दांडगे त्याच्यात अडकून पडतात आणि तो आपल्याशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही. ती रिकाम्या खोलीत दोनदा जिंकलीही होती. पडदा सगळा निळा झाला तेव्हा तिने तो बंद केला आणि कपडे वाळत घालायला गेली. आनंद झाला का, तर नाही. जिंकल्यावर कोणीतरी खोलीत गोंधळ घालतं, याची तिला सवय होती.

आईला कळलं होतं. दुपारी पडद्यावर काय चालतं ते तिला समजत नसलं तरी निळा रंग समजत होता. तिने ते भावाला सांगितलं असेल किंवा नसेल, ताईला मात्र ती एका सकाळी म्हणाली, "तू त्याला बुडवलंस. तुझ्यापाशी होतं आणि तू दिलं नाहीस." ताईने डबा भरला आणि कामावर गेली. त्यानंतर आई तिच्याशी कामापुरतं बोलायला लागली आणि शेवटी म्हणाली की मी धाकट्याकडे जाते. त्याला माझी गरज आहे. तुला कोणाची गरज नाही.

भाऊ बायकोला घेऊन आईला न्यायला आला तेव्हा रविवार होता. ताईने आईचे कपडे घड्या घालून पिशवीत भरले, गुडघ्याचा पट्टा वर ठेवला, चष्म्याचं घर ठेवलं. आई भावजयीचा हात धरून हळूहळू जिना उतरली. मागे वळून तिने एकदा पाहिलं आणि दाराचा बोल्ट नीट लागत नाही तो बघून घे, एवढं सांगितलं. भाऊ मागे रेंगाळला. दुकानात दिवसभर उभं राहून त्याच्या खांद्यांना बाक आला होता, आणि तो तिला एकदम वडिलांसारखा दिसला.

"तुझ्याकडे आहे ना काहीतरी?" त्याने विचारलं. "खरं सांग ताई."

"आहे," ती म्हणाली आणि आईच्या औषधांची पिशवी त्याच्या हातात दिली. "पिवळी गोळी जेवणानंतर. उपाशीपोटी दिलीस तर तिला चक्कर येते."

त्याने पिशवी घेतली, पण तो जिन्याकडे वळला नाही. ती आणखी काही बोलेल असं त्याला वाटत असावं. तिलाही वाटत होतं. मग खालून आईने त्याला हाक मारली.